आप्पाजींचं डोकं का दुखलं नाही

१

शेवटी गुन्हेगार सापडला. त्याने सगळ्यांसमोर कबुली दिली, कबुली संपल्यावर एक कॉफी मागितली, आणि ती त्याला मिळाली.

असं काहीही झालेलं नाही. निदान अजून नाही. वरची ओळ चुकून पुढे घुसली आहे. तिला रांगेत मागे उभं करू आणि शनिवारच्या सकाळपासून सुरुवात करू. कारण शनिवारी सकाळी राजाजीनगरातल्या चौगुल्यांच्या घरात गुन्हेगाराचा पत्ता नव्हता, आणि कॉफीचा तर त्याहून नव्हता.

होता तो फक्त आप्पाजी चौगुल्यांच्या रक्ताचा रिपोर्ट. त्यांच्या बायकोने, कावेरीअक्कांनी, तो जेवणाच्या टेबलावर ठेवला, उडू नये म्हणून वर लोणच्याची बरणी ठेवली आणि वरच्या खोलीतल्या भाडेकरूला हाक मारली.

भाडेकरू म्हणजे अवधूत नेर्लेकर, पुण्याचा, नोकरीसाठी कन्नड मुलखात आलेला, वय पंचवीस. साल १९९८ होतं आणि दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे संगणक बंद पडणार अशी हवा होती. ते पडू नयेत म्हणून अवधूत रोज कंपनीत जाऊन जुन्या प्रोग्रॅममधल्या सालांचे दोन आकडे चार करत असे. जग वाचवण्याचं काम इतकं कंटाळवाणं असेल असं त्याला मुलाखतीत कुणी सांगितलं नव्हतं.

"वाच," अक्का म्हणाल्या.

"कोलेस्टेरॉल वाढलंय, अक्का."

"कुणाचं?"

"आप्पाजींचं."

"ह्या घरात राहतं कोण कोण?"

"तुम्ही, आप्पाजी आणि मी."

"मी देते काय त्यांना कॉफी?"

"नाही."

"मग उरलं कोण?"

अवधूत वजाबाकीत कच्चा नव्हता. त्यामुळेच त्याला घाम फुटला.

प्रकरण असं होतं. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टर कल्पना यांनी आप्पाजींना कोलेस्टेरॉल उतरवणारी एक गोळी दिली होती, रोज संध्याकाळी एक, आणि कॉफी बंद करायला सांगितली होती. आप्पाजी तोवर सकाळपासून निजेपर्यंत कॉफी पीत. पीत नसत तेव्हा पुढच्या कॉफीची वाट पाहत. त्यांना कॉफीपासून तोडणं म्हणजे बसला रस्त्यापासून तोडणं होतं. पण कावेरीअक्कांनी ते एका दुपारात केलं. पितळी फिल्टर त्यांनी गोदरेजच्या कपाटात, लॉकरच्या कप्प्यात, बांगड्यांच्या शेजारी ठेवला आणि किल्ली कमरेला लावली. आप्पाजींची पेन्शन आधीपासून त्यांच्याकडेच असे. आता आप्पाजींच्या खिशात रुमाल तेवढा राहिला. घरात कुणी कॉफी करायची नाही, बाहेरून पिऊनही यायचं नाही, आप्पाजींना वास येतो, असा कायदा झाला. तो भाडेकरूलाही लागू होता.

"गोळी मी माझ्या हातानं देते," अक्का म्हणाल्या. "रोज दिवा लावला की. देवाला साक्षी ठेवून. तरी हे वर चढतंय. म्हणजे कॉफी पोचायलीय कुठनं तरी. उद्या संध्याकाळपर्यंत सांग मला कोण देतंय ते. न्हाईतर सूटकेस भर."

"अक्का, सीरियसली, मी नाही देत."

"मग कोण देतंय ते शोध की. शिकलेला हाईस न्हवं?"

अवधूतने याआधी तीन खोल्या गमावल्या होत्या. बनशंकरी भागातल्या घरमालकाने त्याला अंडं उकडताना पकडलं होतं. त्यानंतरच्याने उकडत नाही म्हणून पकडलं होतं, कारण त्याचा कोंबड्यांचा धंदा होता. तिसऱ्याने तर कारणच सांगितलं नव्हतं, नुसता फाटकाकडे बोट दाखवून उभा राहिला होता. चौगुल्यांकडे अवधूतला ज्वारीची भाकरी मिळे, खर्डा मिळे आणि निपाणीच्या मराठीत रोज शिव्या मिळत. घरापासून आठशे किलोमीटर दूर राहणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? ही खोली गेली तर त्याच्या हातात जग वाचवण्याचं काम उरणार होतं, आणि ते करून झोपायला जागा नसणार होती.

तो जिना चढू लागला, तेव्हा दर शनिवारप्रमाणे त्याचं डोकं दुखायला लागलं.

२

पहिली चौकशी पीडिताची करावी, या विचाराने अवधूत ओसरीवर आला. पीडित झोपाळ्यावर बसून शेंगा खात होता.

"आप्पाजी, खरं सांगा. तुम्हाला कॉफी कोण देतं?"

"शिव शिव," आप्पाजी म्हणाले. "कॉफी म्हणजे काय असतंय रे? काळी असती का पांढरी?"

"चेष्टा नको. माझी खोली जाईल."

"जाईल की," आप्पाजींनी एक शेंग फोडली. "तसं बघायला गेलं तर संशयित म्हणून तू चांगला हाईस. नवा हाईस, पुण्याचा हाईस, तोंडावर अपराधी भाव हाय. कबूल करून टाक."

"मी काही केलेलं नसताना?"

"त्यानं काय होतंय? ही चार दिवस बोलंल, मग विसरंल. तुला मी दुसरी खोली बघून देतो. हेब्बाळला. तलाव हाय, हवा हाय."

"हेब्बाळहून ऑफिसला यायला दोन बस बदलाव्या लागतात!"

"बघ, हे असं. तुम्हा पोरांना त्याग म्हणून काही माहीत न्हाई."

अवधूतने कपाळ दाबून धरलं. समोरचा माणूस तर अगदी ताजातवाना दिसत होता. दोन महिने कॉफी तुटलेल्या माणसाने निदान कुरकूर करावी. आप्पाजी एरवी पंखा उजवीकडे फिरतो म्हणूनसुद्धा कुरकुरत.

"तुमच्या पाठीशी नक्की कोण आहे?"

"देव," आप्पाजी म्हणाले, आणि इतके गोड हसले की अवधूतचा संशय तिथेच पक्का झाला. फक्त कशाबद्दलचा, ते त्याला सांगता आलं नसतं.

३

यल्लव्वा चौगुल्यांकडे भांडी घासायची आणि मग दोन घरं पलीकडे कृष्णमूर्तींकडे स्वयंपाक करायची. म्हणजे जिथे कॉफी बंद होती आणि जिथे चालू होती, अशा दोन्ही घरांत जाणारी येणारी ती एकटीच. शिवाय तिच्या हातात नेहमी एक झाकणाचा स्टीलचा डबा असे. अवधूतला वाटलं, सापडलं.

"यल्लव्वा, या डब्यात काय असतं?"

तिने झाकण उघडलं. आत ओल्या कपड्यात गुंडाळलेली कारली होती.

"कॉफी नाही?"

"अय्यो!" यल्लव्वा म्हणाली. "डब्यात कोण कॉफी नेतं? सांडंल न्हवं? अण्णा, डोकं बरं न्हाई काय तुमचं?"

"नाही," अवधूत खरं तेच बोलला. "ही कारली कुणाला?"

"कृष्णमूर्तीसायबांना. रोज सकाळी रस. त्यांनी बागेत चालायला येणाऱ्या सगळ्यांना सांगितलंय, इंग्लिश औषध म्हणजे विष, कारल्याच्या रसानं कोलेस्टेरॉल उतरतंय. आता बागेतले सगळे म्हातारे पितात. वकीलसाहेब तर रडत पितात. पण उतरतंय फक्त आमच्या सायबांचं. दुसऱ्या कुणाचं उतरंना."

"ते स्वतः पितात ना?"

"मी रस करून ठेवते. मग साहेब म्हणतात, स्वल्प बाहेर जा, मी एकटाच पितो, ध्यान करत." यल्लव्वाने खांदे उडवले. "काय ध्यान करतात की. खिडकीखालचं कढीपत्त्याचं झाड मात्र वाळलं बघा."

अवधूतला कढीपत्त्यात रस नव्हता. त्याने मुद्द्याचं विचारलं. "तू आप्पाजींना कधी कॉफी दिलीस?"

"इल्ला! कृष्णमूर्तीसायबांच्या घरातली कॉफी मी कुणाला देईन? ते मला दुसऱ्यांदा देताना दोनदा विचार करतात. त्या माणसानं कुणाला फुकट मिरची दिली न्हाई. मागच्या महिन्यात शेजारनीनं शिडी मागितली तर तिच्याकडनं इस्त्री ठेवून घेतली. आणि कुणाचं फुकट घेत पण न्हाईत, ते खरं."

"पण आप्पाजी त्यांच्याकडे जातात?"

"रोज. संध्याकाळी दिवा लागला की."

अवधूतने पायांत चपला सरकवल्या.

४

कृष्णमूर्ती बेळगावात बँकेत नोकरी करून आले होते, म्हणून त्यांना मराठी येई. अवधूत दारात उभा राहिला तेव्हा आतून कॉफीचा असा दरवळ आला की त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"या, बसा. कारल्याचा रस घेणार?"

"नको. कॉफी..." अवधूतने पुन्हा एकदा वास घेतला. "कॉफीबद्दल विचारायला आलोय. तुम्ही आप्पाजींना देता का?"

"मी? देतो? फुकट?" कृष्णमूर्तींचा चेहरा इतका दुखावला की अवधूतने जवळजवळ माफी मागितली. "मिस्टर नेर्लेकर, मी आयुष्यात कुणाला काही फुकट दिलं नाही. माझ्या सख्ख्या भावाला विचारा. तो माझ्याशी बोलत नाही, पण तरी विचारा."

"पण घरात कॉफी आहे. वास येतोय."

"कॉफी माझी आहे. आप्पाजी इथे बसतात, वास घेतात. वास घ्यायला डॉक्टरांची बंदी आहे का? असेल तर तसं लेखी दाखवा."

"आणि ते रोज येतात कशाला?"

"प्रसाद द्यायला. देवभोळा माणूस. घरची पूजा झाली की फूल घेऊन येतात. बघा."

खिडकीत सुकलेल्या शेवंतीची फुलं ओळीने मांडलेली होती. अवधूतने एक उचललं. फूल मधोमध उघडं पडलेलं होतं, कुणीतरी बोटाने पाकळ्या फाकवाव्यात तसं. त्याने ते परत ठेवलं. डोकं ठणकत होतं आणि अशा वेळी सगळ्याच गोष्टी मधोमध फाकल्यासारख्या दिसतात.

"तुमचं कोलेस्टेरॉल उतरलं म्हणे?"

"धाडकन!" कृष्णमूर्ती उभे राहिले. "दोन महिन्यांत. पुढच्या रविवारी बागेत माझं भाषण आहे, 'कारलं आणि मी'. डॉक्टर कल्पनांनासुद्धा बोलावलंय. म्हणजे त्यांना कळेल की त्यांच्या गोळ्या..."

ते एकाएकी थांबले. गल्लीतून घंटेचा आवाज आला होता. चौगुल्यांच्या घरी दिवा लागला होता.

"तुम्ही आता निघा," कृष्णमूर्ती म्हणाले. "ताबडतोब. माझी ध्यानाची वेळ झाली."

बाहेर पडताना अवधूतला समोरून आप्पाजी येताना दिसले. कानावर शेवंतीचं पिवळं फूल, चालीत घाई. त्यांनी अवधूतकडे पाहिलं आणि न बोलता हात फुलावर ठेवला, पाकीटमार दिसल्यावर माणूस खिशावर ठेवतो तसा.

५

रविवारी सकाळी अवधूत डॉक्टर कल्पनांच्या दारात उभा राहिला. त्या धारवाडच्या होत्या आणि रविवारी घरच्या पुढच्या खोलीतच पेशंट बघत. म्हणजे बघत नसत, पण पेशंट येत.

"गोळी बनावट आहे का, एवढंच विचारायचं होतं."

"नाही. मी स्वतः तीच घेते. पुढे?"

"मग कॉफीमुळेच कोलेस्टेरॉल वाढलं असेल ना?"

डॉक्टर कल्पनांनी सुस्कारा सोडला. हे त्या रोज कुणाला ना कुणाला समजावत असणार. "हे बघ. जाळीच्या फिल्टरमधून कॉफीतला एक तेलकट अंश खाली येतो. तो कोलेस्टेरॉल चढवतो, पण थोडं. कागदातून गाळली तर तो बराचसा कागदातच राहतो. पण राजाजीनगरात पितळी फिल्टरविरुद्ध बोलले तर माझी पाटी लोक उतरवतील. म्हणून मी सरळ बंद करा म्हणते. तरी कॉफीमुळे एवढं चढणार नाही. गोळी पोटात जात असेल तर उतरायलाच हवं."

"अक्का स्वतःच्या हाताने देतात."

"मग मला माहीत नाही. तू कपाळ का धरून बसलायस?"

"दुखतंय. दर शनिवार-रविवार दुखतं. सोमवारी ऑफिसात गेलं की थांबतं. मला वाटतं घराच्या छपराचा काहीतरी..."

"ऑफिसात कॉफी पितोस?"

"मशीन आहे. पितो. बरीच. घरी येईपर्यंत वास जातो."

"आणि शनिवार-रविवार अजिबात नाही, कावेरीअक्कांच्या कायद्यामुळे." त्यांनी हात झटकले. "छपराला दोष देऊ नकोस. शरीराला कॅफीनची सवय लागली आणि ते एकदम तोडलं, की दुसऱ्या दिवशी डोकं उठतं, चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही. जितकी सवय मोठी तितकं डोकं जास्त. म्हणून हळूहळू कमी करायची असते. कावेरीअक्कांनाही मी हळूहळूच म्हटलं होतं. त्यांना तो शब्द ऐकू येत नाही."

अवधूत उठला. मग पुन्हा बसला. मग पुन्हा उठला.

"डॉक्टर, मी ऑफिसातले चारपाच कप दोन दिवस सोडतो आणि माझे हे हाल होतात. आप्पाजी दिवसभर प्यायचे. अक्कांनी एका दुपारात बंद केली. बरोबर?"

"बरोबर."

"मग आप्पाजींचं डोकं का दुखलं नाही?"

डॉक्टर कल्पनांनी चष्मा काढला. बाहेर एक पेशंट आला होता. त्यांनी त्याला हाताने बसवलं आणि म्हणाल्या, "संध्याकाळी मी येते. मला हे बघायचंय."

६

रविवारी संध्याकाळी चौगुल्यांच्या देवघरासमोर एवढी गर्दी होती की आप्पाजी दारातच थबकले. डॉक्टर कल्पना पाटावर बसल्या होत्या. यल्लव्वा खांबाला टेकली होती. अवधूतची सूटकेस जिन्याच्या पायरीवर उघडी पडली होती, कारण तोही सावध माणूस होता.

"आज काय हाय?" आप्पाजींनी विचारलं. "सत्यनारायण?"

"काही नाही," अवधूत म्हणाला. "रोजच्यासारखंच करा."

अक्कांनी दिवा लावला, घंटा वाजवली. आप्पाजींनी उजवा तळवा पुढे केला. अक्कांनी त्यावर गोळी ठेवली, पळीने तीर्थ सोडलं, आणि रोजच्या श्रद्धेने डोळे मिटून मंत्र म्हणू लागल्या. आप्पाजींनी तळहात तोंडाला लावला, सुर्र असा आवाज काढला, ओला हात रीतीप्रमाणे डोक्यावरून फिरवला, ताम्हनातलं फूल उचलून कानावर खोचलं. अक्कांनी डोळे उघडले.

"झालं," आप्पाजी म्हणाले. "येतो जाऊन."

"आप्पाजी," अवधूत म्हणाला, "ते फूल द्या मला."

"देवाचं फूल मागू नये."

"मागत नाही. अक्कांना द्या."

आप्पाजींनी फूल आणखी घट्ट खोचलं. अवधूत वळून अक्कांकडे पाहत बोलू लागला. डोकं ठणकत असल्यामुळे तो भराभर बोलला.

"अक्का, आप्पाजींचं डोकं एक दिवसही दुखलं नाही. म्हणजे त्यांची कॉफी कधी तुटलीच नाही. पण डॉक्टर म्हणतात, नुसत्या कॉफीने एवढं चढत नाही. म्हणजे कॉफी जातेय आणि गोळी जात नाहीये. दोन्ही एकदम. त्यांच्या खिशात पैसा नाही. कॉफीचा वास येतो तो कृष्णमूर्तींच्या घरात, आणि ते कुणाला काही फुकट देत नाहीत. मग आप्पाजींकडे द्यायला आहे काय? तुम्ही रोज त्यांच्या हातावर एकच गोष्ट ठेवता. आणि या गल्लीत कोलेस्टेरॉल उतरलंय ते एकाच माणसाचं."

"कारल्यानं," यल्लव्वा म्हणाली.

"कारलं कढीपत्ता पितो," अवधूत म्हणाला. "म्हणून तो वाळला."

अक्का पुढे झाल्या. त्यांनी आप्पाजींच्या कानावरून शेवंती काढली, पाकळ्या बाजूला केल्या. आत ओली गोळी होती.

कुणी काही बोलायच्या आत फाटक वाजलं. कृष्णमूर्ती हातात पेला घेऊन चिडून आत आले. "आप्पाजी, किती वेळ? कॉफी निवली की! आणि कोरडी झाली तर ती गोळी घशात..."

त्यांना डॉक्टर दिसल्या. त्यांनी पेला पाठीमागे लपवला. मग अक्कांकडे बघून, प्रसंगाला शोभेल असं काही सुचेना म्हणून, ते देवाला नमस्कार करू लागले.

७

"सांगा," अक्का म्हणाल्या.

आप्पाजींनी सांगितलं. पहिल्या दिवशी दुपारीच त्यांना आता डोकं दुखणार अशी धास्ती वाटू लागली होती. ते कृष्णमूर्तींकडे गेले, कृष्णमूर्तींनी बदल्यात काय देणार असं विचारलं. कृष्णमूर्तींचंही कोलेस्टेरॉल चढलं होतं, पण विषाची गोळी घ्यायला ते दुकानात गेले असते तर बागेत तोंड दाखवायला जागा उरली नसती. सौदा जमला. संध्याकाळी गोळी द्यायची, आणि तिच्या बदल्यात पुढचे चोवीस तास लागेल तेव्हा कॉफी.

"देवासमोर घेतलेल्या गोळीवर कोण संशय घेणार?" आप्पाजी म्हणाले. "तू डोळे मिटायचीस. मला वाटायचं, देवाची पण हरकत न्हाई."

सगळ्यांना वाटलं आता अक्का ओरडतील. अवधूतने सवयीने एक पाऊल मागे घेतलं. पण अक्का पाटावर बसल्या आणि हातातली गोळी बघत राहिल्या.

"तुमचा भाऊ असाच गेला," त्या म्हणाल्या. "बसल्या जागी. चहा निवायच्या आधी."

आप्पाजींनी रिकाम्या कानावरून हात फिरवला.

"तुम्ही गेलात तर मी भांडू कुणाशी? कन्नडात मला सगळं येतंय. भाजी घेता येती, बसमधे बसता येतंय, लोकांच्या लग्नात जाऊन रडता येतंय. भांडता येत न्हाई. भांडायला मला मराठी लागतंय, आणि ह्या गल्लीत मराठीत भांडणारा तुमच्याशिवाय दुसरा न्हाई. हा अवधूत एक हाय, पण तो लगेच सॉरी म्हणतो."

"सॉरी," अवधूत म्हणाला.

"बघा."

आप्पाजी खाली बसले. म्हणाले, "उद्यापासून घेतो. शपथ."

"उद्या न्हाई." अक्कांनी गोळीवरची पाकळी काढली, तांब्या पुढे केला. "आत्ता. तोंड उघडा. आणि डॉक्टर, तुम्ही पण बघा. मी डोळे उघडे ठेवलेत."

आप्पाजींनी गोळी घेतली. जीभ उचलून दाखवली. यल्लव्वाने वाकून खात्री करून घेतली, तिला कुणी सांगितलं नव्हतं तरी.

"आता," आप्पाजी हळूच म्हणाले, "गुन्हा कबूल झाला, शिक्षा पण भोगली. एक कॉफी मिळंल काय?"

अक्कांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर कल्पनांनी छताकडे पाहिलं. छताने काही मदत केली नाही.

"द्या," त्या म्हणाल्या. "एकदम तोडू नका म्हणून मी पहिल्या दिवसापासून ओरडतेय. रोज थोडी थोडी कमी करत एकावर या. उद्यापासून कागदातून गाळून. गोळी आधी, कॉफी नंतर. आणि कृष्णमूर्ती, दुसऱ्याच्या गोळ्या खाणं म्हणजे कारल्याचा रस नव्हे. उद्या उपाशीपोटी रक्त द्यायला या. गोळी हवी तर तुमच्या नावाने लिहून देईन."

"बागेत कळलं तर?" कृष्णमूर्तींचा आवाज बारीक झाला. "माझं भाषण आहे, डॉक्टर. वकीलसाहेबांनी दोन महिने कारलं प्यायलंय. ते मला सोडणार नाहीत."

"भाषणाला मी येणार आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्या रांगेत."

कपाट उघडलं. बांगड्यांच्या शेजारून फिल्टर बाहेर आला. थोड्या वेळाने अवधूतच्या हातात पेला आला आणि अर्धा पोटात गेल्यावर कपाळातला ठोका थांबला. त्याला एकाएकी सगळं जग वाचवण्यासारखं वाटू लागलं.

"सूटकेस जिन्यात कशाला मांडलीस?" अक्का त्याच्यावर खेकसल्या. "येणारा जाणारा पडंल. बंद कर आणि माळ्यावर टाक. आणि भाकरीला थांब, खाली."

सूटकेस माळ्यावर गेली. सगळे पांगले, आणि अवधूतला वाटलं, संपलं. पण आप्पाजी आणि कृष्णमूर्ती ओसरीवर डोकं जुळवून बसले होते. दोघांच्या मते अन्याय झाला होता आणि दोघांपैकी एकालाही चष्म्याशिवाय लिहिता येत नव्हतं. अवधूतला पकडण्यात आलं. त्याने कागद मांडीवर घेतला, आणि दोघे एकमेकांचं वाक्य तोडत जे सांगत गेले ते तो निमूट लिहीत गेला:

'प्रति, माननीय डॉक्टर कल्पना, राजाजीनगर. विषय: दोन अर्जदारांचे कोलेस्टेरॉल संयुक्त धरण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे कळविण्यात येते की, गेल्या दोन महिन्यांत अर्जदार क्रमांक एक यांचे कोलेस्टेरॉल वाढले असून अर्जदार क्रमांक दोन यांचे उतरले आहे. दोन्हींची बेरीज केली असता गल्लीतील एकूण कोलेस्टेरॉलमध्ये कोणतीही वाढ झालेली दिसून येत नाही. सबब कोणताही अपराध घडलेला नाही, असे अर्जदारांचे म्हणणे आहे. तरी विनंती की, यापुढे दोघांचे रक्त एकाच बाटलीत घेऊन त्याची एकच तपासणी करण्यात यावी, येणारा आकडा दोघांत समान वाटून देण्यात यावा, आणि तो आकडा डॉक्टरांना मान्य असो वा नसो, अर्जदारांस रोज संध्याकाळी एका कपाची दोघांत अर्धी अर्धी अशी एक जादा कॉफी, सौ. कावेरी चौगुले यांच्या लेखी संमतीने, तहहयात मंजूर करण्यात यावी.'